नंबरचा प्रोग्रेसिव्ह गॉगल: सोलापूरच्या उन्हासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नेहमीचा चष्मा आहेच, त्याच नंबरचा एक काळा करून द्या." लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर असले की हे काम नुसतं काच रंगवून भागत नाही. गिऱ्हाइकं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. सगळी वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

बाहेर मी कुठे वाचत बसतो? गॉगलला जवळचा नंबर हवाच का?

आधी एक दिवस आठवून बघा. पेट्रोल भरल्यावर मोबाइलवर रक्कम टाकली, मंडईत वजनकाट्याचा आकडा बघितला, औषधाच्या बाटलीवरची मुदत तपासली, गाडीच्या मीटरवर नजर टाकली, रिक्षातून उतरताना सुटे मोजले. ही सगळी जवळची किंवा हातभर अंतरावरची कामं आहेत. ती करताना दर वेळी गॉगल कपाळावर चढवायचा आणि खिशातला चष्मा काढायचा, असं चाललं की आठवडाभरात गॉगल घरीच राहायला लागतो.

काही जण म्हणतात, "उन्हात मला चष्म्याशिवायही वाचता येतं." ते खरं असतं. लख्ख उजेडात बाहुली बारीक होते आणि बारीक बाहुलीतून जवळचं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पण काळ्या काचेमागे बाहुली पुन्हा मोठी होते आणि तो फायदा जातो. त्यामुळे उन्हात उघड्या डोळ्यांनी वाचता येणारा पेपर साध्या गॉगलमधून धूसर दिसतो. यात गॉगलचा दोष नाही, चाळिशीचा नंबर तिथे उघडा पडतो.

तरीही सगळ्यांना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं ते जवळचं सगळं एकाच काचेतून दाखवणारा गॉगल, लागतोच असं नाही. तुम्ही सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून परत येत असाल, किंवा पार्क मैदानावर क्रिकेट बघायला, क्षेत्ररक्षण करायला जात असाल, तर नुसत्या लांबच्या नंबरचा गॉगल स्वस्तही पडतो आणि त्यातून कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. अशा माणसाला आम्ही महाग काच घ्यायला सांगत नाही.

बायफोकल घेऊ की प्रोग्रेसिव्ह?

बायफोकलमध्ये वर लांबचं, खाली डी आकाराच्या खिडकीत जवळचं. मधल्या अंतराला, म्हणजे साधारण हातभर लांब, काहीच नाही. गाडीचा डॅशबोर्ड, दुचाकीचं मीटर, समोरच्या दुकानदाराचा गल्ला, हे सगळं नेमकं त्या मधल्या अंतरावर असतं. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, म्हणून मधलंही मिळतं. ही काच काही कालची नव्हे. व्हॅरिलक्स नावाने ती १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून सुधारत आली आहे.

वर्षानुवर्षं बायफोकल वापरणाऱ्याने, जवळचा नंबर दोनच्या पुढे गेलेला असताना, केवळ गॉगलसाठी प्रोग्रेसिव्हवर उडी मारू नये, असं माझं मत आहे. घरात बायफोकल आणि बाहेर प्रोग्रेसिव्ह अशी अदलाबदल डोक्याला त्रास देते. अशा माणसाला बायफोकलच रंगवून दिलेला बरा. ज्यांना प्रोग्रेसिव्हची आधीच सवय आहे त्यांनी गॉगलही त्याच डिझाइनचा घ्यावा. कंपनी आणि प्रकार बदलला की नजरेला नवी वाट शोधावी लागते.

प्रोग्रेसिव्हमध्ये कडेला हलल्यासारखं दिसतं. चालताना पडायला होणार नाही ना?

कडेची धूसरता हा प्रोग्रेसिव्हचा अंगभूत गुण आहे. महागड्या काचेत ती कमी असते, नाहीशी होत नाही. कडेला बघायचं तर डोळे तिरके न करता मान वळवायची, ही सवय एक-दोन आठवड्यांत लागते.

खरी काळजी पायऱ्यांची. खाली बघताना नजर काचेच्या जवळच्या भागातून जाते आणि पायाखालची पायरी पुसट होते. देवळाच्या पायऱ्या, नदीचा घाट, बसचं पायदान, अशा ठिकाणी हनुवटी छातीकडे आणून वरच्या भागातून पाय बघायचा. तुळजापूरला दर्शनाला जाताना पायऱ्या उतरायच्याच असतात. नवा गॉगल पहिल्यांदा तिथेच घालून जाऊ नका. आधी आठ दिवस ओळखीच्या रस्त्यावर वापरा.

काच किती काळी असावी?

काळेपणाचे ० ते ४ असे गट ठरलेले आहेत. गट २ मधून साधारण १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, गट ३ मधून ८ ते १८ टक्के आणि गट ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दुपारींसाठी गट ३ योग्य. गट ४ बर्फाळ डोंगरांसाठी असतो आणि तो घालून गाडी चालवायची नसते. "एकदम काळाकुट्ट द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

ज्यांना दुकानात-बाहेर सारखी ये-जा करावी लागते त्यांना गट २ बरा पडतो. वरून गडद आणि खाली फिकट अशी ग्रेडियंट काच प्रोग्रेसिव्हला छान जमते, कारण वाचायचा भाग खाली असतो आणि तिथे उजेड जास्त मिळतो. पण भर उन्हात, पांढऱ्या फुफाट्याच्या रस्त्यावर जमिनीवरून वर येणारी तिरीप तीच काच अडवत नाही. शेतात काम करणाऱ्याने पूर्ण गडद काच घ्यावी.

काळी काच म्हणजे अतिनील किरणांपासून सुरक्षित, बरोबर?

नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गल्लत डोळ्याला महाग पडते. काळेपणा दिसणारा उजेड अडवतो. अतिनील किरण अडवायला काचेच्या मटेरियलमध्ये तो गुण असावा लागतो, नाहीतर वेगळी प्रक्रिया करावी लागते. पॉलीकार्बोनेट, म्हणजे सहज न फुटणारं मजबूत प्लॅस्टिक, हे किरण मुळातच अडवतं. साध्या प्लॅस्टिकच्या काचेला ती प्रक्रिया मागून घ्यावी लागते. रस्त्यावरच्या पथारीवरच्या गॉगलची काच काळी असते, पण आतली खात्री कुणी देत नाही. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर तेवढेच जास्त किरण आत जातात.

म्हणून "यूव्ही ४००" हे शब्द पावतीवर लिहून घ्या. त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवले जातात. बऱ्याच दुकानांत हे तपासायचं छोटं यंत्र असतं. समोर तपासून दाखवा म्हणायला लाजू नका.

पोलराइज्ड काच खरंच वेगळी असते का, की नुसती जाहिरात?

खरंच वेगळी असते. डांबरी रस्ता, पाणी, पुढच्या गाडीची काच अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणारी चमक ती कापते. साधी काळी काच सगळंच सारखं अंधारं करते, चमकही त्यात राहतेच. हिप्परगा तलावाच्या काठी दुपारी उभे राहून दोन्ही काचा आलटून पालटून लावून बघा. पोलराइज्डमधून पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो आणि काठाजवळचे दगड पाण्याखाली दिसतात.

अडचण एकच, पण मोठी. मोबाइल आणि डिजिटल मीटरचा पडदा ठरावीक कोनात काळा पडतो. प्रोग्रेसिव्ह आपण घेतो तेच मुळी असे पडदे वाचण्यासाठी. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी दुकानातली पोलराइज्ड नमुना काच घेऊन बाहेर या, तुमच्या गाडीवर बसा, मीटर वाचता येतंय का बघा, मोबाइल उभा-आडवा धरून बघा. आम्ही हे करायला लावतो, कारण काच एकदा बनली की त्यातलं पोलरायझेशन काढता येत नाही.

फोटोक्रोमिक घेतली तर दोन चष्म्यांचा खर्च वाचेल ना?

उन्हात काळी होणारी आणि सावलीत पांढरी होणारी ही काच पुष्कळांना हवी असते. घरात-बाहेर करणाऱ्या शिक्षकाला, बँकेतल्या माणसाला ती सोयीची आहे. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात गॉगलऐवजी तिच्यावर भिस्त ठेवू नका. त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं म्हणजे ही काच उष्णतेत कमी काळी होते. अतिनील किरण तिला काळी करतात आणि उष्णता तिला परत पांढरी करू पाहते. तीच काच डिसेंबरच्या थंड सकाळी जेवढी गडद होते तेवढी मेच्या दुपारी होत नाही. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा ती कमी पडते. दुसरं, चारचाकीच्या पुढच्या काचेतून अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे गाडीत बसल्यावर साधी फोटोक्रोमिक काच पांढरीच राहते. पुणे रस्त्याला संध्याकाळी निघालात तर मावळता सूर्य बराच वेळ समोर असतो. तिथे कायम रंग असलेला गॉगलच उपयोगी पडतो.

ज्यांना एकच चष्मा परवडतो त्यांनी चांगल्या प्रतीची फोटोक्रोमिक आणि वर रुंद काठाची टोपी असं करावं. तो मार्ग वाईट नाही.

फ्रेम कशी निवडायची? मला मोठी, कानापर्यंत वळलेली आवडते.

प्रोग्रेसिव्हला काचेची उंची लागते. बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर मिळाले तर जवळचा भाग पुरेसा बसतो. काही डिझाइन १४ मिलिमीटरवरही चालतात, पण त्यात मधला भाग आखूड होतो. बारीक, चपट्या फ्रेममध्ये वाचायचा भागच कापला जातो.

एव्हिएटर आकाराबद्दल मुद्दाम सांगतो, कारण गॉगल म्हटलं की तोच मागितला जातो. त्याचा नाकाकडचा खालचा कोपरा तिरका कापलेला असतो. वाचताना दोन्ही डोळे आत, नाकाकडे वळतात, आणि प्रोग्रेसिव्हचा वाचायचा भाग नेमका तिथेच दिलेला असतो. फ्रेम भलीमोठी, पण कामाचा भाग कारखान्यात घासून फेकून दिलेला, असं होतं. हौस असेलच तर कमी कापलेला एव्हिएटर निवडा.

चेहऱ्याभोवती वळलेली फ्रेम धूळ आणि बाजूचं ऊन छान अडवते. पण वळलेल्या फ्रेममध्ये नंबर जसाच्या तसा घातला तर दृष्टी बदलते. त्यासाठी हिशोब करून नंबर बदलून बनवलेली काच लागते. नंबर जास्त असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, हलका वळसा पुरे.

आपलं गाव साधारण १७.७ अंश उत्तरेला. मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो. तेव्हा ऊन फ्रेमच्या वरून, कपाळाच्या फटीतून शिरतं. कुठलाही गॉगल ते पूर्ण थांबवत नाही. टोपी, टॉवेल, फेटा, काहीतरी डोक्यावर हवंच.

माप घेताना नेमकं काय बघितलं जातं?

याच प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, आणि हाच फार कमी लोक विचारतात. काचेवर हजारो रुपये घालून माप घाईत दिलं तर ती काच फुकट जाते.

आधी फ्रेम पक्की करायची. मग ती तुमच्या नाकावर, कानांवर बसवून, काड्या वळवून, नाकाच्या पॅडा नीट करून घ्यायच्या. त्यानंतर तुम्ही सरळ उभे किंवा बसलेले, नजर समोर, आणि माप घेणारा तुमच्या डोळ्यांच्या बरोबर समोर त्याच उंचीवर. नव्या फ्रेममध्ये जी नमुन्याची प्लॅस्टिकची काच असते, तिच्यावर तो बारीक मार्करने प्रत्येक बाहुलीच्या मध्यावर ठिपका देतो. मग तुम्हाला चार पावलं चालायला सांगतो, परत उभं करतो आणि ठिपका अजूनही बाहुलीवरच आहे का बघतो. ठिपक्यापासून नाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर उजव्या आणि डाव्या डोळ्याचं वेगवेगळं मोजायचं असतं. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, एक-दोन मिलिमीटरचा फरक सर्रास आढळतो. ठिपका दोन मिलिमीटर वर बसला तर सरळ बघतानाच समोरचं पुसट दिसतं, खाली बसला तर वाचताना मान मागे टाकावी लागते.

कुणी फ्रेम टेबलावर ठेवून पट्टीने मोजत असेल, किंवा "जुन्या चष्म्याचं माप आहे आमच्याकडे" म्हणत असेल, तर थांबा. गॉगलची फ्रेम मोठी आणि जरा खाली बसणारी असते. तिच्यासाठी नवं माप लागतंच.

तयार गॉगल हातात आल्यावर काय तपासू?

प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बारीक कोरीव खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काचेवर हलकी फुंकर घालून उजेडाकडे तिरकी धरली की त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबरचा आकडा आणि नाकाकडच्या बाजूला कंपनीची खूण कोरलेली असते. पावतीवर लिहिलंय तीच काच आली का, हे यावरून कळतं. शिवाय दोन्ही काचांचा रंग पांढऱ्या कागदावर ठेवून सारखा आहे का बघा. मग दुकानाबाहेर रस्त्यावर या. लांबची पाटी, हातातला मोबाइल, पायाखालची फूटपाथची कड, तिन्ही बघा. ट्यूबलाइटखाली गॉगल तपासण्यात अर्थ नाही.

रंग कोणता?

करडा रंग खरे रंग जसेच्या तसे दाखवतो, गाडी चालवणाऱ्याला तो चांगला. तपकिरीत ठळकपणा वाढतो, धुळीच्या रस्त्यावरचे खड्डे लवकर कळतात. मी तपकिरी सुचवतो. निळा आणि गुलाबी हौसेसाठी. रात्री कुठलाच नाही, पिवळासुद्धा नाही.

दुचाकीवर हेल्मेटमध्ये गॉगल बसतो का?

काडी सरळ आणि पातळ असेल तर बसतो. रुंद, जाड काडी हेल्मेटच्या गादीखाली दाबली जाते, गॉगल वर सरकतो आणि वाचायचा भाग नजरेसमोर येतो. समोरचा रस्ता पुसट दिसायला लागला तर आधी हे कारण तपासा. फ्रेम घेताना हेल्मेट सोबत आणा.

शेतात दिवसभर काम असतं. काही वेगळी काळजी?

हो. ऊन, वारा आणि धूळ वर्षानुवर्षं लागली की बुबुळाकडे सरकणारं मांस वाढतं, त्याला टेरिजियम म्हणतात. मोतीबिंदूशीही अतिनील किरणांचा संबंध आहे. त्यामुळे शेतकऱ्याला गॉगलची गरज शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे. गावात लोक हसतील म्हणून तो घालायचा नाही, हे मला मनापासून खटकतं.

काच पॉलीकार्बोनेटची घ्या. फांदी किंवा खडा लागला तर ती फुटून डोळ्यात जात नाही. सांगोल्याकडे डाळिंबाची छाटणी करणाऱ्यांची एक खास अडचण असते. डोळ्यासमोर किंवा डोक्याच्या वर हातभर अंतरावरची फांदी बघायची असते, आणि जवळचा नंबर तर काचेच्या खालच्या भागात. सतत मान मागे टाकून मान धरते. ज्यांचं दिवसाचं मुख्य काम तेच आहे त्यांनी हातभर अंतराच्या नंबरचा साधा, एका नंबरचा गॉगल वेगळा करून घ्यावा. रस्त्यावर मात्र तो वापरायचा नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लगेच करून घेऊ?

नंबर स्थिर होऊ द्या. त्याला साधारण महिना-दीड महिना लागतो, तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हाच नंबर काढा. तोवर बिननंबरचा, अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरा. मधुमेह असेल तर साखर वर-खाली होत असताना नंबरही हलतो. आधी साखर आटोक्यात, मग गॉगल.

बजेट कमी आहे. क्लिप लावली तर?

चालते. तुमच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर बसणारी पोलराइज्ड क्लिप घ्या. नंबर, माप, सवय सगळं तेच राहतं. क्लिपच्या वजनाने चष्मा नाकावर घसरतो तेवढा घट्ट करून घ्या. स्वस्तातल्या अनोळखी प्रोग्रेसिव्ह गॉगलपेक्षा चांगल्या चष्म्यावरची क्लिप मी केव्हाही बरी मानतो. ज्याला एकाच गोष्टीवर पैसे घालता येतात त्याने ते काचेवर घालावेत, फ्रेमच्या नावावर नाही.

गॉगल गाडीतच ठेवला तर चालतो ना?

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही. प्लॅस्टिकची काच आणि तिच्यावरचं कोटिंग उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुसून जात नाहीत, काचच बदलावी लागते. फ्रेमही वाकते आणि मग घेतलेलं माप चुकतं. डबीत घालून सोबत न्या.

पुसतानाही आधी पाण्याने धुळीचे कण जाऊ द्या, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने कोरडा पुसला की आपल्याकडची धूळ काचेवर ओरखडे पाडते, आणि हे ओरखडे उन्हात समोरून उजेड आला की सगळ्यात जास्त दिसतात.

आठ दिवस झाले, तरी नजर बसत नाही. आणखी किती थांबू?

रोज काही तास वापरून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुकानात परत जा. वाट बघत बसू नका. सोबत जुना चष्मा न्या आणि नेमकं सांगा: समोर बघताना पुसट दिसतं, वाचताना, की कडेला. पहिल्या दोन तक्रारींमध्ये बहुतेक वेळा फ्रेम वर-खाली करून किंवा काडी वळवून काम होतं. तसं नाही झालं तर काचेवरच्या खुणांवरून पुन्हा ठिपके मांडून तुमच्या बाहुलीशी जुळवून बघायला सांगा. माप चुकलेलं निघालं तर काच बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि किती दिवसांत बदलून मिळेल हे ऑर्डर देतानाच पावतीवर लिहून घेतलेलं असावं.